पडणं हेच माझं काम

मित्रांनो, जगात बहुतेकांना उभं राहिल्याबद्दल शाबासकी मिळते. माझी नेमणूक मात्र पडण्यासाठी झाली आहे. मी एका शिंप्याच्या घरातला जुना ट्रिप स्विच आहे. पुढची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या बोळात, विजेच्या डब्यात माझा मुक्काम असतो. तिथून एका बाजूला शिवणयंत्र दिसतं, दुसऱ्या बाजूला चूल, आणि समोर गॅलरी. एवढा चांगला देखावा त्या घरात कोणाच्याच वाट्याला आलेला नाही. पण सतत पडण्याची भीती असलेल्याला देखाव्याचं काय कौतुक असणार?

माझं काम समजायला सोपं आहे. घरात येणारी वीज माझ्या अंगातून आत जाते आणि कामं आटोपून माझ्याच अंगातून परत बाहेर पडते. मी दारावरचा पहारेकरी. गेली किती आणि आली किती, एवढंच बघायचं. सगळी परत आली की मी गप्प. थोडी जरी कमी आली, तर ती वाटेत कुठेतरी गळाली असं समजायचं. ओल्या भिंतीतून गळाली असेल, सोललेल्या वायरीतून गळाली असेल, नाहीतर माणसाच्या अंगातून जमिनीत गेली असेल. नेमकी कुठून गेली ते मला कळत नाही आणि विचार करायला सवडही नसते. पापणी लवायच्या आत माझा खटका खाली येतो आणि घर बंद पडतं. गळती भिंतीतून असेल तर भिंत वाचते, माणसातून असेल तर माणूस वाचतो. मला दोन्हींसाठी सारखंच पडावं लागतं, आणि दोन्हींसाठी शिव्याही सारख्याच बसतात.

माझ्या शेजारी लहान स्विचांची एक रांग आहे. वायर फार तापली की ते पडतात. त्यांचं पडणं लोक समजून घेतात. इस्त्री आणि गिझर एकदम लावला, भार जास्त झाला, बिचारा दमला, असं म्हणतात. मी पडलो की कोणाला कारणच दिसत नाही. ज्याचं कारण दिसत नाही त्याला लोक आजारी तरी म्हणतात, नाहीतर नाटकी.

माझा जन्म एका कारखान्यात लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या टोकाला जाड भिंगांचा चष्मा लावलेली एक बाई बसायची. ती प्रत्येकाच्या अंगातून वीज सोडायची आणि मुद्दाम त्यातली थोडीशी चोरायची. जे पडले त्यांना ती खोक्यात ठेवायची. जे ताठ उभे राहिले त्यांना टोपलीत फेकायची. मी पडलो. "चांगला आहे," ती म्हणाली आणि पुढच्याला हात घातला. मित्रांनो, पडल्यावर कौतुक होतं अशी माझी तेव्हा समजूत झाली. लहानपणी झालेल्या समजुती फार दिवस त्रास देतात.

कारखान्यातून मी दुकानात आलो आणि दुकानातून एका वायरमनच्या पिशवीत. त्याने मला मास्तरांच्या घरी आणलं. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. ते शिंपी. शिंप्यालाही मास्तर म्हणतात, आणि चुकलेल्या मापाबद्दल त्याला कोणी शाळेतल्यासारखं उभं करत नाही, हा त्या धंद्याचा फायदा.

"हा कशाला?" मास्तरांनी विचारलं.

"तुमच्या भिंती पावसात ओल धरतात. त्यात तुम्ही इस्त्री चालवता, मोटारीचं मशीन चालवता. हा पाहिजेच."

"पण करतो काय हा?"

"काही झालं की पडतो."

"आणि काही झालं नाही तर?"

"मग काही करत नाही."

मास्तरांनी मला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "आमच्या मेहुण्यांसारखा आहे म्हणजे," ते म्हणाले. आत भांडं जरा जोरात आपटलं. मेहुणे म्हणजे बायकोचा भाऊ, आणि बायको आत होती.

घरात माणसं तीनच. मास्तर, त्यांची बायको आणि मास्तरांची आई. आईला सगळी गल्ली आजी म्हणायची, म्हणून मीही आजीच म्हणतो. बायकोला आजी सूनबाई म्हणत. सून आजींना "अहो आई" म्हणे, आणि त्या 'अहो'त दिवसाचं हवामान कळे.

पहिल्या वर्षांत माझे दिवस चांगले गेले. एका पावसाळ्यात मास्तर अनवाणी, दमट फरशीवर उभं राहून इस्त्री करत होते. इस्त्रीची वायर मुठीपाशी चिरली होती. त्यांचं बोट तिथे लागलं. त्यांच्या तोंडातून 'आ' निघायच्या आत मी पडलो होतो. मास्तरांनी बोटाकडे पाहिलं, इस्त्रीकडे पाहिलं, मग बोळात येऊन माझ्याकडे पाहिलं. अस्तराचा एक मऊ तुकडा घेऊन त्यांनी मला स्वतः पुसलं. त्या वर्षी माप द्यायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला माझी गोष्ट ऐकावी लागली. माप देताना हात वर असल्यामुळे त्याला पळताही येत नसे.

पण इस्त्रीला नवी वायर बसली आणि गोष्ट जुनी झाली. वाचलेलं बोट पुन्हा सुई ओवायला लागलं की ते कधी मरणार होतं हे कोणाच्या लक्षात राहात नाही. पुढच्या पावसाळ्यात मी दोनदा पडलो तेव्हा मास्तर नुसते "च्" म्हणाले. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात आजींनी माझं बारसं केलं.

"थोडं कुठे काही झालं की रुसतो," आजी म्हणाल्या. "मग सगळं घर हातातलं काम टाकून याला उठवायला धावतं. उठवलं की पुन्हा तोच तोरा. हा आपला जावई आहे."

आजींना मुलगी नव्हती, त्यामुळे जागा रिकामीच होती. तेव्हापासून मी पडलो की घरात हाक उठायची, "जावई रुसले. उठवा त्यांना." आणि कोणीतरी ओल्या हाताने येऊन माझा खटका वर ढकलायचं. ओल्या हाताने. मित्रांनो, मी वर्षानुवर्षं त्या हातांकडे बघत आलो आहे, आणि दर वेळी मला पुन्हा पडावंसं वाटलं आहे.

माझ्या छातीवर एक छोटं बटण आहे. ते अधूनमधून दाबायचं असतं. दाबल्यावर मी पडलो तर मी शाबूत आहे असं समजायचं. त्या घरात ते बटण कोणी दाबलं नाही. आपणहून पडणाऱ्याला आणखी मुद्दाम कोण पाडणार?

आता मी त्या वर्षाकडे येतो, ज्यामुळे हे सगळं सांगावं लागतं आहे.

गॅलरीत कपडे वाळत घालायची एक दोरी होती. ती मध्ये झोळ द्यायची आणि चादरींची टोकं फरशीला लागायची. आजींना ते खपत नसे. कपडे वाळत घालणं हे खातं त्यांचं होतं, आणि त्या खात्यात सुनेला प्रवेश नव्हता. मोठ्या चादरी खिडकीकडे, लहान कपडे भिंतीकडे, आणि प्रत्येक कडा पट्टीने आखल्यासारखी सरळ. एक चादर तिरकी राहिली तर आजींना घास गोड लागत नसे. त्या उन्हाळ्यात दोरी तुटली आणि मास्तरांनी आईसाठी लोखंडी तार आणली.

तारेचं एक टोक त्यांनी खिडकीच्या लोखंडी जाळीला बांधलं. दुसऱ्या टोकासाठी भिंतीत काही घट्ट सापडेना. शेवटी गॅलरीतल्या दिव्याची वायर ज्या लोखंडी पट्टीखालून जाते, ती पट्टी त्यांना सापडली. ती चांगली खोल ठोकलेली होती. तीच बरी, म्हणून मास्तरांनी तार तिला गुंडाळली आणि अशी ताणली की बोट लावलं तर सूर निघावा. शिंपी माणूस. सरळ रेघेवर त्याचा फार जीव.

"आता कसं," आजी म्हणाल्या. आजींच्या तोंडून याहून मोठी पदवी कोणाला मिळालेली नव्हती.

उन्हाळा सुखात गेला. पाऊस सुरू झाला आणि ओल्या चादरींचं वजन तारेवर आलं. वजनाने तार ओढायची, तार पट्टीला ओढायची, आणि पट्टी तिच्याखालच्या वायरीत रुतायची. रुतता रुतता वायरीचं कातडं फाटलं. पावसाळी अंधारामुळे गॅलरीतला दिवा दिवसाही लागलेला असे. म्हणजे तारेवर जड चादरी पडल्या की दिव्याची वीज पट्टीत, पट्टीतून तारेत, आणि तारेतून खिडकीच्या जाळीवाटे ओल्या भिंतीत. चादरी उतरवल्या की पट्टी सैल, आणि सगळं पूर्ववत. हे सारं मी नंतर वायरमनच्या तोंडून ऐकलं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की गेली तेवढी परत येत नाही. मी पडत होतो.

त्याच सुमारास आजींच्या हातांना झिणझिण्या यायला लागल्या.

"वात," आजींनी निदान केलं. "पावसाळा आला की हाडं बोलायला लागतात."

हाडं बोलत होती हे खरं, पण त्यांचं कोणी नीट ऐकत नव्हतं. सून रोज तेल कोमट करून आजींचे हात चोळून द्यायची. डॉक्टरांकडून गोळ्या आल्या. मनगटाला लोकरी पट्टा आला. आणि तरीही आजी तारेला हात लावायच्या, हात झिणझिणायचा, त्याच क्षणी मी पडायचो, आणि आजी आत येऊन म्हणायच्या, "आधीच हात धरलाय, त्यात हे दिवे गेले. दुखणं काही एकटं येत नाही." यावर मास्तर मान हलवायचे. कोणाला वाटलं नाही की दोन पाहुणे दर वेळी एकाच गाडीने येत असतील, तर ते एकाच गावचे असतील.

सुनेला थोडं वाटलं होतं. एकदा तेल चोळता चोळता तिने विचारलं, "अहो आई, भांडी घासताना दुखतो का हात?"

"नाही."

"पीठ मळताना?"

"नाही."

"फक्त कपडे वाळत घालताना?"

"अगं, वात आहे तो. त्याला काय वेळापत्रक असतं?"

"तुमच्या वाताला आहे," सून म्हणाली.

आजींनी हात काढून घेतला. "म्हणजे मी काम टाळायला सोंग करते, असंच ना?"

"मी असं कुठे म्हटलं?"

"म्हणायला कशाला पाहिजे? कळतं."

आणि आजींनी अबोला धरला. मित्रांनो, आजींचा अबोला ही त्या घरातली सगळ्यात पक्की बांधणी होती. त्या काळात त्या विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत नसत, हाकेला ओ देत नसत, मान वळवत नसत. काही सांगायचंच असेल तर ते पातेल्याला सांगत आणि सुनेने ते बाजूने ऐकून घ्यायचं. जो प्रश्न आजींवरचं पुढचं संकट टाळू शकला असता, त्यावरूनच अबोला सुरू झाला आणि प्रश्न तिथेच संपला.

इकडे मास्तरांच्या डोक्यावर गणवेश होते. शाळा उघडत होती, आणि एका अख्ख्या शाळेचे सदरे त्यांच्याकडे बेतायला आले होते. शिवण अर्ध्यावर आली की मी पडायचो. मशीन कुंथून थांबायचं, इस्त्री निवायची, मास्तर उठायचे, मला उठवायचे, बसायचे, आणि दोरा सुईत घालेपर्यंत मी पुन्हा खाली. शेवटी एक दिवस त्यांनी मेहुण्यांना बोलावलं.

मेहुण्यांना सगळं दुरुस्त करता येत असे. त्यांनी दुरुस्त केलेली वस्तू पुन्हा कधी बिघडत नसे, कारण ती पुन्हा कधी चालतच नसे. त्यांनी पक्कड कानामागे खोचली आणि माझ्याकडे डॉक्टरासारखं पाहिलं.

"म्हातारा झालाय," मेहुणे म्हणाले. "म्हातारपणी उगाच पडतात हे."

"बदलू या मग," मास्तर म्हणाले.

"बदलून काय? नवा पण पडणारच. त्यांची जातच पडणारी. त्यापेक्षा याला सोडून सरळ जोडून देतो."

"धोका नाही ना?"

"धोका कसला? हे स्विच निघायच्या आधी माणसं घरात राहात नव्हती का?"

"राहात होती," सून आतून म्हणाली. "जी राहिली नाहीत ती सांगायला येत नाहीत, दादा."

"तू तुझ्या चहाचं बघ," दादा म्हणाले.

खाली जाऊन त्यांनी जिन्याजवळचा मेन स्विच बंद केला आणि वर येऊन माझ्या वायरी काढल्या. त्या माझ्या अंगावरून एकमेकींना जोडल्या, वर चिकटपट्टी गुंडाळली. मला मात्र जागेवरच ठेवलं, खटका वर करून. "भोक वाईट दिसतं," मेहुणे म्हणाले. एखाद्या पहारेकऱ्याचे हातपाय बांधावेत, त्याला खुर्चीत बसवावं, आणि वर त्याची टोपी नीट करावी, तसं ते झालं.

त्यानंतर मी पडलो नाही. मशीन दिवसभर चालू लागलं, सदऱ्यांचे गठ्ठे कपाटापर्यंत चढले. "बघ," मास्तर बायकोला म्हणाले, "जावई शहाणे झाले." उभं राहिल्याबद्दल मला आयुष्यात पहिल्यांदाच शाबासकी मिळाली. बुजगावणंही ऊन-पावसात उभंच असतं, पण त्याला निदान पक्षी तरी फसतात.

काही दिवस तारेवर फक्त रुमाल आणि सदरे पडले. तार ताठ होती, पट्टी सैल होती. आजींचा अबोला चालू होता आणि हातही बरा होता. गोळ्या लागू पडल्या, असं त्यांनी पातेल्याला सांगितलं. मी मात्र घरात चादरी कधी धुतल्या जातात याची वाट बघत होतो. दुसरं काही करण्यासारखं माझ्याकडे उरलं नव्हतं.

त्या सकाळी पाऊस असा होता की गॅलरीची फरशी पाण्याने चकाकत होती. आजी बादली घेऊन बाहेर आल्या. बादलीत चादरी होत्या. आजींच्या पायात रबरी चपला होत्या, पण टाचेशी झिजून कागद झालेल्या. त्यांनी पहिली चादर टाकली, झटकली, कड सरळ केली. दुसरी टाकली. तार वाकू लागली. तिसरी टाकताना त्यांनी टोक ओढायला हात वर नेला. मूठ तारेवर मिटली आणि उघडली नाही.

मित्रांनो, वीज पकडते म्हणतात ते खोटं नाही. हाताचे स्नायू आवळतात आणि सोडायचं म्हटलं तरी सुटत नाहीत. ओरडायलाही जमत नाही. आजी गॅलरीत पाठमोऱ्या उभ्या होत्या, हात वर करून, अगदी गप्प. मला पडायचं होतं. त्या एका पडण्यासाठी मला बनवलं होतं. पण वीज माझ्या डोक्यावरून चिकटपट्टीतून जात होती आणि मला तिचा स्पर्शही नव्हता.

"अहो आई, चहा ठेवते," सून आतून म्हणाली. "घेणार ना?"

उत्तर आलं नाही.

"बरं. नाही तर नाही."

मशीनवरून मास्तर म्हणाले, "आई, ती काहीतरी विचारतेय." थोडं थांबून ते स्वतःशीच हसले. "आज अबोला जोरात आहे."

त्या घरात आजी बोलत नाहीत म्हणजे आजींची तब्येत ठणठणीत आहे असा अर्थ होता. सुनेने साखरेचा डबा काढला आणि वळताना तिची नजर गॅलरीत गेली. तिसरी चादर तिरकी होती. नुसती तिरकी नाही, तिचं एक टोक फरशीवरच्या पाण्यात लोळत होतं, आणि आजी ते लोळू देत होत्या.

आजींनी माणसांशी अबोला धरला असता. चादरीशी कधीच धरला नसता.

डबा खाली पडला. सून धावली. गॅलरीच्या दारात तिने आजींना धरायला हात पुढे केला आणि तो हात तसाच हवेत थांबला. हात, तार आणि वाताचं वेळापत्रक तिच्या डोक्यात त्या क्षणी एका ओळीत आलं असावं. तिने हात मागे घेतला. "वीज बंद करा," ती म्हणाली. ती ओरडलीही नाही, पण मास्तरांची खुर्ची उलटी पडली.

मास्तर माझ्याकडे आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते मला उठवायला नाही, पाडायला आले होते. त्यांनी खटका खाली ओढला. खट्ट असा आवाज अगदी बरोबर आला. गॅलरीतला दिवा तसाच जळत राहिला. त्यांनी मला वर केलं आणि पुन्हा खाली ओढलं. दिवा तसाच. मास्तर माझ्याकडे बघत राहिले, आणि मग त्यांना आठवलं. त्यांच्या चेहऱ्यावर ते आठवलेलं मी पाहिलं आहे. पुन्हा पाहायची माझी इच्छा नाही. ते जिन्याकडे धावले, खाली मेन स्विच होता तिथे.

सून थांबली नाही. बेतायच्या टेबलावर शिवून, घड्या घालून ठेवलेल्या गणवेशांचा गठ्ठा होता. तो तिने तसाच उचलून गॅलरीच्या ओल्या फरशीवर टाकला आणि त्या कोरड्या कपड्यांवर उभी राहिली. टेबलावरची कापड मोजायची लाकडी पट्टीही तिने येताना उचलली होती. तिने ती आजींच्या मुठीवर मारली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मूठ सुटली आणि आजी कोसळल्या. खाली मास्तरांनी मेन स्विच ओढला तेव्हा दिवा विझला. तोपर्यंत आजी सुनेच्या मांडीवर होत्या.

त्यांचा श्वास चालू आहे हे कळायला सुनेला बराच वेळ लागल्यासारखं वाटलं. मग आजींनी डोळे उघडले. ओठ हलले. सून वाकली.

"चादर खाली पडली का?"

"पडली."

"पुन्हा धुवावी लागणार."

"धुवेन मी," सून म्हणाली, आणि तिथेच, पाण्यात, एका शाळेच्या गणवेशांवर बसून रडायला लागली. मास्तर दारात उभे होते. त्यांना बायकोकडे बघवत नव्हतं आणि आईकडेही.

डॉक्टरांनी आजींना काही दिवस दवाखान्यात ठेवलं. तळहातावर एक काळा पट्टा राहिला. हृदय चांगलं निघालं. या वयात इतकं चांगलं कसं, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा आजींनी सुनेकडे पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. पण तो अबोला नव्हता.

वायरमन आला. त्याने लोखंडी पट्टी उपटून खालची सोललेली वायर मास्तरांना दाखवली. मास्तरांनी ती बघितली आणि स्वतःच्या हातांनी बांधलेली तार स्वतःच्या हातांनी कापली. मग वायरमन माझ्याकडे आला. वायरी पूर्वीसारख्या माझ्यातून जोडल्या आणि माझं छातीवरचं बटण दाबलं. मी पडलो.

"हा तर शाबूत आहे," तो म्हणाला. "याला बाजूला कोणी काढला?"

"मेहुण्यांनी," मास्तर म्हणाले. मग कापलेल्या तारेकडे बघत म्हणाले, "मी सांगितलं म्हणून."

मित्रांनो, खरं सांगायचं तर त्या वेळी मला वाटलं होतं की आता मला काढतील. नवा आणतील, मला एखाद्या खणात बटणांच्या आणि तुटक्या कात्र्यांच्या शेजारी ठेवतील. मला ते चाललं असतं. मी दमलो आहे. पण चांगलं काम करणाऱ्याची सुटका नसते. मला मुदतवाढ मिळाली.

तुमच्या घरात माझ्यासारखा कोणी असेल तर तो तुम्हाला त्रास द्यायला पडत नाही, एवढं लक्षात असू द्या. तो पडला की त्याला वर ढकलायची घाई करू नका आणि ओल्या हाताने तर त्याच्याजवळ जाऊच नका. पावसात कपड्यांसाठी दोरी बांधा, तार नको, आणि दोरीलाही विजेच्या वायरीपासून लांब ठेवा. कोणाला विजेने धरलं असेल तर त्याला हाताने ओढू नका, नाहीतर त्या रांगेत तुम्ही दुसरे व्हाल. आधी मेन स्विच बंद करा. अधूनमधून मोठ्या माणसांना सांगून त्याच्या छातीवरचं बटण दाबायला लावा. पडला तर बरं वाटून घ्या. आणि त्याला गप्प बसवून घरात शांतता आणायचा सल्ला कोणी दिला, तर त्याला आधी चहा द्या आणि मग घरी पाठवा.

परवा संध्याकाळी मी पुन्हा पडलो. पाऊस होता. मशीन थांबलं. बोळात कोणीच आलं नाही.

"कोण कुठे आहे?" पुढच्या खोलीतून मास्तरांनी विचारलं.

"स्वयंपाकघरात," सून म्हणाली. "हात कोरडे आहेत."

आजींचा आवाज आला नाही. दुपारी नव्या दोरीच्या झोळावरून त्यांचं आणि मास्तरांचं वाजलं होतं.

"आई?"

काही नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मास्तर उठले होते.

"आई."

"आहे," अंधारातून आजी म्हणाल्या. "तुझ्याशी बोलत नाहीये. पण आहे."

मास्तर पुन्हा खाली बसले. मग उठून आधी त्यांनी हात पुसले, मग बॅटरी शोधली, मग सावकाश एकेक वायर बघत फिरायला लागले. मला उठवायची कोणाला घाई नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पडल्यावर मला जरा पडून राहता आलं.